एकेचाळीस नंबरचं भिजत घोंगडं

दर वर्षी नूरूझ, वसंतातला नव्या वर्षाचा सण, जवळ आला की जिपारला तेच खोटं नव्याने लिहावं लागायचं. "आपल्या सूचनेवर विचार सुरू आहे." बर्फ वितळू लागलं, लोक गावी जायच्या तयारीला लागले, की त्यांना आपापल्या कुळाची आठवण यायची. मग ते 'बुताक' उघडत, आजे-पणज्यांची नावं भरत, आणि मुलींपाशी आले की अडत. 'बुताक'मध्ये मुलींना जागाच नव्हती. चिडून त्यांनी विचारणा केली की त्यांना एकेचाळीस नंबरच्या मागणीकडे पाठवलं जाई, आणि तिथे जिपारचं ते एक वाक्य त्यांच्या स्वागताला बसलेलं असे.

'बुताक', म्हणजे फांदी, हा वंशावळ मांडायचा प्रोग्राम. फुकटचा. त्याला मालक नाही, त्यावर राबणाऱ्याला पगार नाही. ज्याला वाटेल त्याने कोड उघडून बघावा, जमलं तर सुधारावा. सोवेतबेक, ज्यांना सगळे आदराने बायके, म्हणजे दादा म्हणत, किर्गिझस्तानात बिश्केकच्या एका तंत्रशाळेत भूमापन शिकवत होते, तेव्हा एका हिवाळ्यात त्यांनी तो एकट्याने लिहिला. सोयरीक जुळवताना सात बापजाद्यांची नावं विचारतात आणि नवरामुलगा तिसऱ्यालाच चाचरायला लागतो, अशा लोकांना तो फार सोयीचा पडला. हा हा म्हणता तो नारिनपासून तलासपर्यंत घरोघर गेला. मग हातभार लावायला दहा-पंधरा हौशी माणसं जमली. जिपार त्यांतली एक. ती औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे संगणकाचं काम बघायची. आजोबांचं झाड छापताना कडेची नावं कापली जात होती, ती तिने दुरुस्त केली, दुरुस्ती पाठवली आणि राहिली. लोकांना उत्तरं देण्याचं काम कोणालाच नको होतं, म्हणून ते तिच्या गळ्यात पडलं.

एकेचाळीस नंबरची मागणी केली होती नारिनच्या साल्किन नावाच्या शिक्षिकेने. चार ओळींची. माझ्या वडिलांना पाच मुली, मुलगा नाही. तुमच्या झाडात त्यांच्यापुढे एक टिंब येतं आणि फांदी संपते. आम्ही पाचही जणी धडधाकट आहोत, आम्हाला मुलंबाळं आहेत. आमच्या फांद्या दाखवता येतील का?

सोवेतबेक बायकेंनी त्याच दिवशी उत्तर दिलं होतं: अतिशय मोलाची सूचना, पुढच्या आवृत्तीत नक्की. पुढची आवृत्ती आली. तिच्यात झाडाभोवती नक्षीची किनार काढायची सोय होती. तिच्या पुढच्या आवृत्तीत किनारीचे रंग वाढले. लोक एकेचाळीस नंबरवर येत, खाली पसंतीचा अंगठा उमटवत आणि निघून जात. अंगठ्यांचा नुसता ढीग साचला होता. जिपारला त्या अंगठ्यांची मनस्वी चीड होती. शिवी दिलेली परवडली, निदान शिवी देणारा थोडी तोंडाची वाफ तरी खर्च करतो. अंगठेवाल्याला फक्त आपण चांगल्या बाजूला आहोत एवढं दाखवून झोपायला जायचं असतं.

आणि मग होता एर्मेक. एका मोठ्या टेलिफोन कंपनीत साहेब, कपडे नेहमी कडक इस्त्रीचे, बोलणं मधाळ. मागणी आल्यावर दोन-तीन वर्षांनी त्याने तिच्याखाली लिहिलं: हे मी करतोय. त्याचं नाव मागणीला चिकटलं ते चिकटलंच. अशा मंडळींत एक रीत असते: कोणी एखाद्या कामावर रुमाल टाकून जागा धरली की दुसरा तिथे बसत नाही. उगाच कोणाचं मन दुखवा कशाला. दोन मुलांनी मधल्या काळात हे काम मागितलं होतं. दोघांना सांगितलं गेलं, एर्मेक बघतोय. दोघंही बिचारे दुसरीकडे गेले.

एर्मेक मात्र खरंच बघत होता, म्हणजे स्वतःकडे. अल्माटीला भाषण झालं, ताश्कंदला झालं, इस्तंबूललाही जाऊन आला. विषय एकच: वंशावळीतली स्त्री. पडद्यावर मोठं झाड यायचं, त्याच्या लाल फांद्या हळूहळू उमलायच्या आणि समोरच्या बायका डोळे टिपायच्या. भाषणानंतर लोक घरी येऊन 'बुताक' उतरवून घ्यायचे, लाल फांद्या शोधायचे, त्या सापडल्या नाहीत की जिपारला लिहायचे. जिपार लिहायची: विचार सुरू आहे.

तिला स्वतःला त्या फांद्यांचं काही पडलेलं नव्हतं. तिला दोन भाऊ होते, तिच्या बापाची फांदी सुखरूप होती. तिच्याकडेही न केलेल्या मागण्या होत्या, पण ती तोंडावर सांगायची की हे मी करणार नाही. लोक तिला फटकळ म्हणायचे. एकेचाळीस नंबरचं मात्र तिला तसं सांगता येत नव्हतं, कारण तो नंबर एर्मेकचा होता, आणि एर्मेक करत होता.

मग एका फेब्रुवारीत कंपनीच्या गोदामाच्या कामासाठी तिला नारिनला जावं लागलं. काम दुपारीच आटोपलं. परतीची गाडी दुसऱ्या सकाळची. काय मनात आलं कोणास ठाऊक, तिने साल्किनला फोन लावला. साल्किन म्हणाली, हॉटेलात कशाला राहतेस, घरी ये.

साल्किन एजे, म्हणजे साल्किनताई, आता निवृत्त झाली होती. ठेंगणी, गालांवर थंडीने लाल चट्टे, हात सतत पिठात. जिपारने आपली ओळख 'बुताकवाली' म्हणून सांगितली आणि एकेचाळीस नंबरचं बोलणं काढलं, तर एजेने हातचं पीठ झटकलं.

"अगं, ते अजून चालू आहे होय? मी तर विसरूनसुद्धा गेले."

"मग तुमचं झाड?"

"झालं की. ते काय भिंतीवर."

भिंतीवर खरोखरच काचेत मढवलेलं झाड होतं. वर साल्किनच्या वडिलांचं नाव, आणि खाली टिंब नव्हतं, पाच फांद्या होत्या. रोझाबेक. साल्किनबेक. आनारबेक. बुरुलबेक. झुराबेक. जिपार जवळ जाऊन वाचू लागली. 'बुताक'मध्ये बायकोला फांदी नसते, नावाखाली बारीक अक्षरात नुसती टीप असते. साल्किनबेकच्या टिपेत लिहिलं होतं: पत्नी तुरसुनबाय.

तुरसुनबाय स्वतः पलीकडे चहा ओतत बसला होता. आडवा गडी, उभा जन्म पोरांना कुस्ती शिकवण्यात गेलेला, एक कान चुरगळलेला.

"दहा वर्षं झाली मला या घरी सून होऊन," तो गंभीरपणे म्हणाला. "सासरा चांगला होता. कधी जाच केला नाही."

जिपारला हसून हसून ठसका लागला. एजेने तिच्या पाठीवर थापटलं, पुढे मांसाची ताटली सरकवली आणि सगळं सांगितलं. पहिल्या वर्षी तिने वाट पाहिली. दुसऱ्या वर्षी वडील आजारी पडले, त्यांना झाड बघायचं होतं. मग नावांना पुरुषी 'बेक' जोडून पाचही बहिणींना मुलगे करून टाकलं. वडील बघून म्हणाले, दाढ्या तेवढ्या काढायच्या राहिल्या. ते गेल्यावर तिने पुन्हा कधी 'बुताक' उघडला नव्हता.

"तुम्ही आम्हाला एका अक्षराने कळवलं नाहीत, एजे."

"कळवायचं काय त्यात? तुम्ही म्हणालात करतोय. करणाऱ्या माणसाला किती वेळा टोकायचं?"

दुसऱ्या दिवशी दोलोनचा घाट चढताना जिपारचं हसू ओसरलं आणि डोकं तापायला लागलं. तिच्या मनात आलं, असं करणारी साल्किन एकटी कशी असेल? बिश्केकला पोचताच तिने सगळ्या वापरणाऱ्यांना विचारलं की तुमच्या झाडात कोणी खोटा मुलगा आहे का, असेल तर मला कळवा. पत्रांचा पाऊस पडला. कोणी आईला काका केलं होतं. ओशच्या एका डॉक्टरणीने स्वतःला स्वतःचाच भाऊ म्हणून लिहिलं होतं. कोचकोरच्या एका म्हाताऱ्याने तीन लेकींना मुलगे करून ठेवलं होतं, आणि वर कळवलं होतं की गावात आता कोणीतरी त्यातल्या एकासाठी सोयरीक घेऊन आलं आहे, काय करू. अर्धा देश मिशा लावून बसला होता आणि एर्मेक इस्तंबूलला लाल फांद्या उमलवत होता.

जिपारने कोणाला न विचारता काम सुरू केलं.

काम सोपं होतं असं मात्र कोणी म्हणू नये. सोवेतबेक बायकेंनी त्या हिवाळ्यात पायाच असा घातला होता की प्रत्येक माणसाला एक बाप असणार आणि बाकी काही नसणार. छपाई, शोध, झाडाचा आकार, सगळं त्या एका बापावर उभं. आईला जागा द्यायची तर पाया उकरायचा, आणि पाया उकरला की वरचं सगळं हलणार. हे काम भाषणात दिसत नाही. त्याला नक्षीची किनार नसते. पूर्ण झाल्यावर ज्यांच्या फायली नीट उघडल्या ते काही बोलत नाहीत, आणि ज्यांची एखादी बिघडली ते जन्मभर नाव घेतात. त्यामुळे फुकट राबणारा माणूस शनिवारी सकाळी उठून किनारीचा रंगच बदलतो. जिपारला हे कळत होतं आणि त्याची तिला शिसारी येत होती.

तिचे सगळे शनिवार-रविवार त्यात गेले. आई म्हणायची, असले फुकटचे धंदे पुरे, जरा बाहेर पड, उन्हात बस. जिपार खिडकीपाशी बसून पाया उकरत राहिली. जुन्या फायली उघडताना तिने एक प्रश्न घातला: हा खरोखर मुलगा आहे का? 'नाही' म्हटलं की मिशा उतरायच्या, फांदी तशीच राहायची, आणि टिपेतली 'पत्नी' नवरा होऊन शेजारी यायची. जर्दाळू पिकायला आले तेव्हा सगळं चालायला लागलं. तिने काम पाठवलं.

पहिला आठवडा अंगठ्यांचा होता. मग एर्मेक उगवला. त्याने लिहिलं की सुरुवात फारच छान आहे, जिपारचं कौतुक करावं तितकं थोडं, फक्त हे माझ्या आराखड्याशी जुळवून घ्यावं लागेल, तेव्हा थोडं थांबूया. आराखडा कुठे आहे ते त्याने लिहिलं नाही.

त्याचं 'थांबूया' ऐकून बाकीच्यांना कंठ फुटला. तलासच्या एका निवृत्त प्राध्यापकाने विचारलं की मुलीची मुलं कोणत्या कुळात धरायची हे आधी ठरल्याशिवाय फांदी काढणं कितपत योग्य. जिपारने उत्तर दिलं की प्रोग्राम कुळ ठरवत नाही, नाव लिहितो. प्राध्यापकाने यावर सहा पानी निबंध पाठवला. जर्मनीत स्थायिक झालेल्या एकाचं म्हणणं पडलं की करायचंच तर दत्तक मुलं, दोन बायका, घटस्फोट, सगळं एकदम करावं, अर्धवट काही करू नये. त्याने स्वतः आजवर अर्धवटसुद्धा काही केलेलं नव्हतं. मग मुलीच्या फांदीचा रंग लाल असावा की हिरवा यावर जुंपली. ती भांडणं उन्हाळाभर पुरली. एवढी वर्षं ज्यांनी चिटपाखराएवढाही आवाज काढला नाही, त्यांना आता रंगाचं पक्कं मत होतं.

दरम्यान सोवेतबेक बायके मुख्य कोडात किरकोळ बदल करतच होते. प्रत्येक बदलागणिक जिपारचं काम जुनं व्हायचं, जागा चुकायच्या, तिला बसून पुन्हा जुळवावं लागायचं. एकदा जुळवलं. दुसऱ्यांदा जुळवलं. तिसऱ्या वेळी तिने सोवेतबेक बायकेंना फोन केला आणि विचारलं की घेणार आहात की नाही, एक काय ते सांगा. बायके म्हणाले, जरा दम धर पोरी, एर्मेकचं मन दुखायला नको. तिने विचारलं, एर्मेक कधी दाखवणार आहे त्याचं काम? बायके म्हणाले, शरद ऋतूत आपण सगळे भेटणारच आहोत.

सगळे भेटले. 'बुताक'ला पंधरा वर्षं झाली म्हणून सोवेतबेक बायकेंनी आपल्या कोक-जारच्या घरी जेवण ठेवलं होतं. मेंढी कापली होती. अंगणात सफरचंदाच्या झाडांखाली जेवणाचं लांबलचक दस्तरखान अंथरलं होतं. मानाचं डोकं बायकेंसमोर आलं, मांडीचं मोठं हाड एर्मेकला गेलं, आणि जिपारला मिळालं शेपटाजवळचं, लेकीबाळींना देतात ते. तिने ते आवडीने खाल्लं. चवीला तेच सगळ्यात चांगलं असतं.

जेवणं झाली, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा कुमीस फिरला, आणि एर्मेक उभा राहिला. स्वयंसेवा म्हणजे काय, संयम म्हणजे काय, मोठं काम घाईने होत नाही, असं बरंच बोलला. शेवटी म्हणाला की येत्या वर्षात एकेचाळीस नंबर पूर्ण करण्याचा आपला मानस आहे. टाळ्या पडल्या. जिपारने हात पुसले, आपला लॅपटॉप पिशवीतून काढला आणि दस्तरखानावरच्या तळलेल्या बोर्सोकांच्या राशीत जागा करून ठेवला.

"एर्मेक, तुझं काम एकदा बघू दे ना. जेवढं झालंय तेवढं."

"इथे?" एर्मेक हसला. "जेवणावळीत? अजून ते दाखवण्यासारखं नाही गं."

"नसू दे. माझं त्याच्याशी जुळवून घ्यायचंय म्हणालास ना. कशाशी जुळवायचं ते तरी कळू दे."

"मी तुला पाठवतो. सोमवारी."

"तू उन्हाळाभर सोमवारीच पाठवतोयस. हे घे, तुझ्या खात्यात शिर आणि उघड. सगळे आहेत, सगळ्यांना बघू दे."

नाही म्हणायला जागा नव्हती. एर्मेकने हात झटकल्यासारखं केलं, बसला आणि उघडलं. फोल्डरचं नाव मोठं डौलदार होतं. आत लाल फांद्यांची चित्रं होती. भाषणांच्या स्लाइड होत्या, शहरागणिक वेगळ्या. स्वतःचा एक फोटो होता, माइकसमोरचा. कोडाची एकच फाइल होती. जिपारने ती उघडली. तिच्यात वर एर्मेकचं नाव, खाली 'मुलींच्या फांद्या' असं शीर्षक, आणि त्याखाली एक ओळ: इथून सुरुवात करायची.

 तलासच्या प्राध्यापकाने दाढी खाजवली. कोणीतरी उगाच बोर्सोकांची रास पुढे सरकवली. जर्मनीवाला त्या दिवशी फोनवरून हजर होता. त्याचा चेहरा तेवढा हलत होता, आवाज बंद ठेवला होता.

"आराखडा डोक्यात असतो," एर्मेक म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "विचार करणं हे काम नाही का? लोकांपर्यंत विषय पोचवला कोणी? माझ्यामुळे लोकांना एकेचाळीस नंबर माहीत झाला."

"माहीत झाला, खरंय," जिपार म्हणाली. "तुझं नाव काढून टाकलं असतंस तर तो पूर्णही झाला असता. दोन पोरं करायला तयार होती."

"तुला माझ्याबद्दल राग आहे."

"राग नाही रे. किळस आहे."

ती लॅपटॉप मिटत होती तोच सोवेतबेक बायकेंनी तिला खुणेने झाडांकडे बोलावलं. बायके थकलेले दिसत होते. त्यांनी खाली पडलेलं एक सफरचंद उचललं, पुसलं, खाल्लं मात्र नाही.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"त्याच्याकडे काही नाही ते. चार-पाच वर्षांपूर्वीच कळलं होतं."

 बायके खालच्या आवाजात बोलत गेले. त्यांच्या कुळातल्या म्हाताऱ्यांनी 'बुताक'ला जुनी नावं पुरवली होती, गावोगाव तेच सांगत फिरले होते की प्रोग्राम आपल्या माणसाचा आहे. मुलींच्या फांद्या घातल्या तर ते बिथरले असते. आणि नाही म्हणावं तर साल्किनसारख्या बायका, वर्तमानपत्रं, सगळं अंगावर आलं असतं. शिवाय पाया उकरायचा म्हणजे आपलंच लिहिलेलं मोडायचं, ते त्यांच्या जिवावर आलं होतं.

"एर्मेकचं नाव तिथे होतं तोवर कोणालाच उत्तर द्यावं लागत नव्हतं," ते म्हणाले. "त्यात कोणाचं नुकसान नव्हतं."

"मला द्यावं लागत होतं, बायके. दर नूरूझला."

बायकेंनी मान हलवली. मनापासून, कौतुकाने म्हणाले, "तू ते फार छान लिहायचीस."

आजवर जिपारला या माणसाबद्दल आदर होता. एकट्याने एवढा प्रोग्राम लिहिणारा, भूमापन शिकवणारा, साधा राहणारा माणूस. तो आदर त्या सफरचंदाच्या झाडाखाली त्या एका वाक्याने गेला, आणि गेला तो इतका निमूट गेला की तिला वाईटही वाटलं नाही. एर्मेक निदान स्वतःच्या फोटोसाठी खोटं बोलत होता. हा म्हातारा तिच्या हाताने खोटं लिहून घेत होता आणि वर अक्षर छान आहे म्हणत होता. तिने जेवणाबद्दल आभार मानले, त्यांच्या बायकोचा निरोप घेतला आणि मिनीबस धरली.

तिने वेगळी चूल मांडली. मुक्त प्रोग्रामचं ते एक बरं असतं. सगळा कोड उचलायचा, आपल्या दारात नेऊन मांडायचा, कोणाची परवानगी लागत नाही. नाव नुसतं बदलायचं. तिने आपल्या प्रतीला 'बाक' म्हटलं, किर्गिझमध्ये झाड. साधं नाव. आणि दारावर लिहिलं की इथे मुलींच्या फांद्या आहेत, किनारी नाहीत आणि येणार नाहीत.

अंगठेवाले सगळे तिच्याकडे धावत आले असं झालं नाही. आले ते मूठभर. ओशची डॉक्टरीण आली, कोचकोरचा म्हातारा आला, लेकींच्या मिशा उतरवून म्हणाला की सोयरीक मोडली ते बरं झालं. बाकीचे जागेवरून हलले नाहीत. उलट एकेचाळीस नंबरखाली लिहू लागले की फूट पाडणं शोभत नाही, आपण सगळे एक कुटुंब आहोत. ज्यांनी इतकी वर्षं मागितलं त्यांना ते आयतं मिळत होतं, फक्त दोन बोटं हलवून दुसरीकडून उतरवून घ्यायचं होतं. तेवढंही जड झालं. त्यांना फांद्या नकोच होत्या, असं जिपारला वाटू लागलं. त्यांना मागणी हवी होती.

साल्किन एजेने मात्र बहिणींना जमवून फाइल नव्यात उघडली आणि फोनवरून जिपारला सगळी हकीकत ऐकवली. चौघी जणी पटापट मुली झाल्या. थोरली रोझा अडून बसली. एवढी वर्षं बेक म्हणून काढली, आता नातवंडं मला रोझाबेक म्हणून हाक मारतात, मी काही उतरत नाही, म्हणाली. तिला तसंच ठेवलं. तुरसुनबाय नवरा झाला, आणि म्हणाला की आता उगाच जबाबदारी वाढली.

पुढच्या वसंतात 'बुताक'ची नवी आवृत्ती आली. तिच्यात मुलींच्या फांद्या होत्या. जिपारने उघडून बघितलं तर ओळ न् ओळ तिची, तिने घातलेल्या दोन स्पेलिंगच्या चुकांसकट. उचलायची मुभा सगळ्यांनाच असते, तेव्हा चोरी म्हणता येत नव्हती. घोषणेत लिहिलं होतं की एर्मेक यांच्या अनेक वर्षांच्या चिंतनातून साकारलेलं हे काम, त्यात जिपार यांचंही सहकार्य लाभलं. फांद्यांना तीन रंग होते, वादावर तोडगा म्हणून. आणि एकेचाळीस नंबर बंद झालेला नव्हता. एर्मेकने खाली लिहिलं होतं की मूळ मागणीचा आवाका याहून मोठा आहे, म्हणून ती उघडीच ठेवूया, पुढचं मी बघतोय.

त्यावर पहिल्याच दिवशी भरपूर अंगठे पडले.

मे महिन्यात सोवेतबेक बायकेंचा फोन आला. जिपार तेव्हा आईला घेऊन इस्सिक-आताच्या गरम झऱ्यांवर गेली होती, आई पाण्यात बसली होती आणि ती बाहेर बाकावर टॉवेल सांभाळत होती. बायके बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले की उत्तरं देणारं कोणी राहिलं नाही, लोक फार उद्धटपणे लिहितात, एर्मेकला वेळ होत नाही, दोन्ही चुली एक केल्या तर सगळ्यांच्याच सोयीचं होईल. नाव 'बुताक'च राहील, पण तिचा मान राखला जाईल. ती परत येईल का?

"नाही," जिपार म्हणाली.

बायके थांबले. नाहीच्या पुढे काहीतरी येईल, एखादं पण, एखादं बघू, अशी सवय असलेला माणूस थांबतो तसे थांबले. झऱ्याच्या बाजूने पाण्याचा आवाज येत होता. जिपारने काही जोडलं नाही.

"म्हणजे विचार करून सांगशील," ते अखेर म्हणाले.

"नाही, बायके. विचार सुरू नाही."

आईने पाण्यातून हात वर करून टॉवेल मागितला. जिपारने फोन ठेवला आणि उठली.